धर्मगुरूंची बैठक झाली, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात ग्रामपंचायत अधिकारी आहे, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक. बालविवाह रोखण्यासाठी जिल्ह्यावरून आदेश आला म्हणून आम्ही तालुक्याला सर्वधर्मीय धर्मगुरूंची बैठक घेतली. गुरुजी, कीर्तनकार महाराज, मौलाना, भंतेजी, फादर सगळे आले. चांगलं बोलले, शपथ झाली, फोटो निघाले. पुढच्याच महिन्यात माझ्या दोन गावांत अल्पवयीन मुलींची लग्नं लागली. मग या लोकांना बोलवण्यात काही अर्थ आहे का, की सरळ गुन्हे दाखल करत सुटावं?”

अर्थ आहे. पण तुम्ही दोन प्रश्न एकात विचारलेत. धर्मगुरूंचा उपयोग होतो का, हा एक. आणि बैठकीचा उपयोग होतो का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं येतं आणि त्याचं खापर आपण पहिल्यावर फोडतो. मी बीड, परभणी, जालना या पट्ट्यात बालसंरक्षणाचं काम करत आलोय, कधी संस्थेकडून, कधी जिल्हा कक्षाबरोबर. त्यावरून सांगतो.

बैठकीत आपण काय सांगतो? लहान वयात लग्न वाईट, बाळंतपणात जिवाला धोका, कायद्याने गुन्हा. समोर बसलेल्यांपैकी कुणाला हे नव्याने कळतं? गुरुजींना मुलीचं वय माहीत असतं, कारण तिच्या बारशालाही तेच होते. काझीसाहेबांनी तिच्या आईबापाचा निकाह पढवलेला असतो. अडचण वेगळीच आहे. लग्न लावायला नकार दिला की एक घर तुटतं, दक्षिणा जाते, पुढच्या श्रावणात सत्यनारायणाला दुसऱ्याला बोलावणं जातं. आणि एवढं सोसूनही मुलीचा बाप बाहेरगावचा माणूस आणून लग्न उरकतोच. नुकसान एकट्याचं, फायदा कुणाचाच नाही. हा हिशेब जसाच्या तसा ठेवून शपथ घ्यायला लावली, तर ती शपथ सभागृहाच्या पायऱ्या उतरेपर्यंत टिकते. तेव्हा खरा प्रश्न हा की त्या माणसाला नकार परवडावा यासाठी शासन काय करतंय.

काही गोष्टी तुमच्या भागावर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. तालुका ऊसतोडीचा असेल तर गणित एक, नसेल तर दुसरं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये हाच आकडा 43.7 आणि परभणीत 48. एवढा फरक केवळ रूढीने पडत नाही. ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ते कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोरगी गावात म्हातारीजवळ ठेवली तर जिवाला घोर, उसाच्या फडावर नेली तर तिथल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही. बाप जे करतो ते त्याच्या हिशेबाने मुलीची सोय लावणंच असतं. अशा बापाला कुठल्याही धर्माचा माणूस नुसता उपदेश करून अडवू शकणार नाही. उलट ज्या गावात स्थलांतर नाही, पोरगी ‘पळून जाईल’ या धास्तीने लग्न उरकतात, तिथे महाराजांच्या एका वाक्यानेही फरक पडतो. तुमची ती दोन लग्नं यातल्या कुठल्या प्रकारची होती ते आधी तपासा.

आता बोलवायचं कुणाला. तहसीलला धर्मगुरूंची यादी मागितली की शांतता समितीची यादी मिळते. तीच माणसं गणपतीला, तीच मोहरमला, तीच बालविवाहाला. मोठी, मानाची, खादीतली. पण त्यातल्या कितीजणांनी हाताने लग्न लावलेलं असतं? भिवंडीत 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, तेव्हा त्यांनी मुद्दाम नेहमीचे पुढारी बाजूला ठेवून दोन्ही समाजांतली साधी माणसं घेतली होती. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. विषय वेगळा आहे, पण धडा आपल्या उपयोगाचा आहे.

तुमच्या टेबलावर तर याहून चांगली यादी पडलेली आहे. गावात विवाह निबंधक तुम्हीच आहात. विवाह नोंदणीच्या नमुना ‘ड’ वर लग्न लावणाऱ्याचं नाव आणि सही असते. मागच्या काही वर्षांचे नमुने काढा आणि कुणाची सही वारंवार येते ते बघा. चार-सहा नावं पुन्हा पुन्हा दिसतील: एखादे गुरुजी, एखादे जंगम, बाजारच्या गावचे काझी, भारतीय बौद्ध महासभेचे एखादे बौद्धाचार्य. यातले निम्मे लोक शांतता समितीच्या यादीत कधीच नसतात. तुम्हाला हवेत ते हे. अल्पवयीनांची लग्नं नोंदणीला येत नाहीत हे खरं, पण ती लावणारे बहुतेक वेळा तेच असतात, जे सज्ञानांची लावतात.

यांना सभागृहात बोलवू नका, घरी जा. एकेकट्याला भेटा. हातात एक पत्र द्या. या पत्राबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वांत कामाची वस्तू आहे.

बालविवाह प्रतिबंध कायदा 2006 चा आहे. त्याचं कलम 10 लग्न लावणाऱ्याबद्दल आहे: दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आपण बैठकीत एवढंच वाचून दाखवतो आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. पण त्याच कलमाच्या शेवटी एक वाट ठेवलेली आहे. हा बालविवाह नाही असं मानायला आपल्याकडे सबळ कारण होतं, हे लग्न लावणाऱ्याने सिद्ध केलं तर तो सुटतो. सिद्ध त्याने करायचं आहे. कशाने करेल? कागदाने. म्हणजे वयाचा दाखला मागून त्याची झेरॉक्स जवळ ठेवणं ही त्या गुरुजींची, काझींची स्वतःची ढाल आहे. हे समजावून सांगितलं की संभाषणाचा सूरच पालटतो. आपण त्यांच्यावर उपकार मागायला गेलेलो नसतो, त्यांना वाचवायला गेलेलो असतो.

म्हणून पत्र असं लिहा: व्यक्तीच्या नावाने, गटविकास अधिकारी किंवा तहसीलदारांच्या सहीने, शिक्का आणि जावक क्रमांक टाकून. मजकूर चार ओळींचा. ‘वधू-वरांच्या वयाचा पुरावा पाहिल्याशिवाय आपण विवाह लावू नये, पुराव्याची प्रत आपल्याकडे ठेवावी, अन्यथा कलम 10 प्रमाणे आपल्यावर कारवाई होऊ शकते.’ मुस्लिम वस्तीत तेच पत्र उर्दूतही द्या. जावक क्रमांकाचं तुम्हाला हसू येईल, पण नंबर नसलेलं पत्र गावात पत्र मानत नाहीत.

धारूरच्या डोंगरपट्ट्यात एका वयस्कर गुरुजींनी हे पत्र पंचांगात घडी घालून ठेवलं होतं. मुहूर्त काढायला कुणी आलं की पंचांग उघडताना ते आपोआप बाहेर यायचं. “पोरीच्या टीसीची झेरॉक्स आणलीस का?” “कशाला गुरुजी, घरचीच पोर आहे.” “घरची आहे म्हणून तर. हे बघ, माझ्या नावाने सरकारचा कागद आहे. या वयात मला आत बसवतोस का?” बाप चिडला, पण गुरुजींवर नाही. तालुक्याच्या नावाने बोटं मोडत गेला. मला हेच हवं होतं. वाईटपणा शासनाने घ्यायचा, नातं गुरुजींनी जपायचं. आपल्या सगळ्या अभियानांत उलटं होतं: चांगलं बोलायला साहेब आणि वाईटपणा घ्यायला गावातला माणूस.

दाखला कुठला, हेही स्पष्ट लिहून द्या, नाहीतर आधारकार्ड पुढे येईल. आधारवरची जन्मतारीख हा वयाचा पक्का पुरावा नाही, आणि ती वाढवून घेतलेलीही असते. लग्न ठरल्यावर पोरीचं आधार ‘दुरुस्त’ करायला नेण्याची पद्धत तुमच्याकडे नसेल तर तुम्ही नशीबवान. शाळा सोडल्याचा दाखला, नसेल तर शाळेचा निर्गम उतारा, किंवा जन्मनोंदीचा दाखला. शंका आली तर मुख्याध्यापकांना एक फोन.

प्रत्येक धर्मात या कामाची सोय वेगळी असते, ती बघून बोला. ख्रिस्ती समाजात लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर पुकार होते आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मतारीख असते. म्हणजे वेळही मिळतो, कागदही असतो. तिथे आपल्याला फारसं काही करावं लागत नाही. बौद्धाचार्य विवाहाचं प्रमाणपत्र देतात, त्यासाठी कागद मागायची सवय असते. निकाहनाम्यात वयाचा रकाना असतो, तो ‘बालिग’ एवढा शब्द लिहून भरायचा नाही, जन्मतारीख लिहायची, एवढंच काझीसाहेबांशी ठरवावं लागतं. सगळ्यांत अवघड जागा हिंदू लग्नाची. तिथे कागदच नसतो. एक काळी वही घ्या, त्यात वधू-वराचं नाव, जन्मतारीख, कुठला दाखला पाहिला ते लिहा, असं मी गुरुजींना सुचवतो. काहींनी चालू केलं, काहींनी हो हो म्हणून सोडून दिलं. जबरदस्ती करायला आपल्याकडे आधार नाही.

बैठकीत मुस्लिम प्रतिनिधी गप्प होते का? बहुधा असतील. 2023 च्या फेब्रुवारीत आसाममध्ये बालविवाहांच्या प्रकरणी तीन हजारांवर लोकांना एकदम अटक झाली. त्या बातम्या इथल्या मोहल्ल्यांत पोचल्या आहेत. ‘बालविवाह’ म्हटलं की ‘आता आमची पाळी’ असं तिथे ऐकू येतं. म्हणून मी दोन पथ्यं पाळतो. एक, धर्मवार आकडे बैठकीत कधीच मांडत नाही, गाववार मांडतो. आपल्या पट्ट्यात तर सगळ्याच जातीधर्मांची गावं त्या यादीत निघतात. दुसरं, शरियत काय म्हणते या वादात पडत नाही. एका मौलानांनी मला सरळ विचारलं, “आमच्याकडे वयाची अशी अट नाही, मग?” मी म्हटलं, व्यक्तिगत कायदा वरचढ की 2006 चा कायदा, यावर उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत, आणि ऑक्टोबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही तो प्रश्न संसदेवर सोडला. पण 2017 च्या निकालापासून अठराखालच्या बायकोशी संबंध हा गुन्हा आहे, नव्या न्यायसंहितेतही तसंच आहे, आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, धर्म विचारत नाही. पोरगी बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात गेली की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. मग आत जातो तो तुमच्याच मोहल्ल्यातला बावीस वर्षांचा पोरगा. मौलाना थोडा वेळ गप्प बसले. पुढच्या जुम्याला त्यांनी विषय घेतला तो मुलींच्या शिक्षणाचा, आणि जाता जाता दवाखान्याचा. वयाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. मला चाललं.

यावरून आठवलं. भाषणं लिहून देऊ नका. जिल्ह्यावरून ‘धर्मगुरूंसाठी संदेश’ म्हणून छापील कागद येतो, तो सगळ्यांनी वाचला की सगळेच शासनाचे लाउडस्पीकर वाटतात. भंतेजी बाबासाहेबांच्या 1942 च्या नागपूरच्या महिला परिषदेतल्या भाषणाचा दाखला देतील; लग्नाची घाई करू नका असं बाबासाहेबांनी तिथे बायकांना सांगितलं होतं. कीर्तनकार मुक्ताईपासून सुरू करतील, कुणी गाडगेबाबांवर येईल. ज्याचं त्याला ठाऊक.

कीर्तनकारांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. ते बहुधा बाहेरगावचे असतात, त्यामुळे गावाला झोडपून बोलू शकतात. गाव त्यांचं काही बिघडवू शकत नाही. आपल्या भागात भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड या गडांना, म्हणजे संतांच्या स्थानांना, मान आहे आणि हरिनाम सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला अख्खं गाव बसलेलं असतं, फडावर जाणारी कुटुंबंसुद्धा. म्हणून उघड बोलायचं काम बाहेरच्या महाराजांकडे द्या आणि नकार द्यायचं काम गावातल्या गुरुजींकडे. दोन्ही एकाकडे दिलं की दोन्ही बुडतात.

आता एक गोष्ट जिथे माझं बऱ्याच अधिकाऱ्यांशी पटत नाही. धर्मगुरूंनी खबर द्यावी, असा आग्रह धरला जातो. धरू नका. गुरुजींनी कळवलं हे एकदा फुटलं की गुरुजी संपले आणि पुढची दहा घरं त्यांना विचारणारच नाहीत. त्यांच्याकडून एवढंच घ्या की कागदाशिवाय लग्न लावणार नाहीत. खबर यायची ती 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर, आशाताईकडून, वर्गमैत्रिणीकडून येते. आली तरी कुठून आली हे कुणाला सांगू नका, ठाण्यातल्या हवालदारालासुद्धा. तुम्ही मंडपात पोचल्यावर पहिलं वाक्य ऐकाल ते “साहेब, आज नुसता साखरपुडा आहे”. त्यावर वाद घालू नका. अक्षता वाटल्यात का, मुंडावळ्या कुणाला बांधल्यात, ते बघा आणि पंचनाम्यात लिहा.

धर्मगुरू सगळ्यांत जास्त उपयोगी पडतात ते लग्न थांबल्यानंतर, आणि त्या वेळी आपण त्यांना विसरलेलो असतो. लग्न थांबलं, बापाने बालकल्याण समितीपुढे हमीपत्र दिलं, आपण फाइल बंद केली. आणि आठ-पंधरा दिवसांनी तीच पोरगी दुसऱ्या जिल्ह्यातल्या देवस्थानच्या गावी नेऊन उजवली. का? मंडपाचे, आचाऱ्याचे पैसे गेलेले असतात, पाहुण्यांत नाक कापलेलं असतं आणि गावात कुजबुज सुरू असते की ‘पोरीतच काही असेल म्हणून मोडलं’. या कुजबुजीवर पोलिसांचा इलाज नाही. इलाज असा आहे की त्याच आठवड्यात महाराजांनी त्या घरी जाऊन जेवावं. काझीसाहेबांनी त्या बापाला मशिदीत सगळ्यांसमोर शेजारी बसवून घ्यावं. भंतेजींनी घरी जाऊन वंदना घ्यावी. उपदेशाचा शब्द नको. ज्या घरी महाराज जेवले त्या घराला गाव नावं ठेवत नाही. वडवणीकडे एका मुलीचं लग्न असं मोडल्यावर तिच्या बापाने मला सांगितलं होतं, “साहेब, तुम्ही आला तेव्हा मेल्यागत झालं. महाराज आले तेव्हा जेवण गेलं.” पोरगी पुढे बारावी झाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीनेही जे होत नाही ते हे, आणि त्याला खर्च काही नाही. फक्त त्यांना त्याच दिवशी फोन करायचं कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. तो ‘कुणीतरी’ तुम्ही आहात.

आता शासनाची बाजू. कुठल्याही धर्माचा असो, जरा विचार करणारा माणूस तुम्हाला एक प्रश्न विचारणारच: “लग्न नको करू म्हणतो, पण आईबाप सहा महिने कारखान्यावर गेले की पोरीला ठेवू कुठं?” याला उत्तर नसेल तर बैठक घेऊ नका. खरंच घेऊ नका, कारण बिनउत्तराची दुसरी बैठक पहिलीपेक्षा वाईट असते. पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये शासनाला हेच शिकावं लागलं. लोक म्हणत होते, गटार तुंबलंय, दवाखान्यात औषध नाही, आणि तुम्ही थेंबच घेऊन येता. मग 2009 मध्ये अतिजोखमीच्या 107 ब्लॉकसाठी पोलिओबरोबर स्वच्छता, जुलाबावर ओआरएस आणि झिंक, नियमित लसीकरण असं एकत्र काम आखलं गेलं. तिथल्या इमामांनी मशिदीतून पुकारे केले, देवबंद आणि अलीगढच्या मंडळींनीही साथ दिली, हे सगळं खरं. पण त्यांच्या शब्दामागे दिसण्यासारखं काहीतरी होतं. 2009 मध्ये देशात पोलिओचे 741 रुग्ण होते, 2011 मध्ये एक.

आपल्याकडे दाखवण्यासारखं म्हणजे हंगामी वसतिगृह. कागदावर ते असतं, पण ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि वसतिगृहाची मंजुरी बऱ्याचदा त्यानंतर येते. तोवर पोरगी एकतर फडावर गेलेली असते, नाहीतर सासरी. आणि हंगामी वसतिगृह साधारण आठवीपर्यंतच्या मुलांचा विचार करून चालतं. नववी-दहावीच्या मुलीची, म्हणजे नेमक्या धोक्याच्या वयातली, सोय वेगळी शोधावी लागते: कस्तुरबा गांधी विद्यालय, समाजकल्याणचं वसतिगृह, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहं, जे तुमच्या जवळ चालू असेल ते. योजनांची यादी वाचू नका. ‘लेक लाडकी’चं नाव तर आज पंधरा वर्षांच्या मुलीच्या बापापुढे काढूच नका, ती योजना 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींना आहे. तो हसेल, आणि त्याचं बरोबर असेल. त्यापेक्षा एक वसतिगृह, एक रिकामी खाट, गृहपालताईंचा मोबाइल नंबर, एवढंच सांगा.

एका गावात मशिदीच्या विश्वस्तांनी आणि मारुती मंदिराच्या पंचांनी मिळून ठरवलं की वसतिगृहाला शाळेच्या खोल्या अपुऱ्या पडल्या तर मंदिराचा सभामंडप आणि उर्दू शाळेची एक खोली द्यायची. त्यासाठी बैठक झाली नाही, चहाच्या टपरीवर ठरलं. सर्वधर्मीय सहकार्य म्हणून मला जे काही दिसलंय त्यात हे वरच्या नंबरचं, आणि त्याचा फोटो नाही.

दोन मर्यादाही सांगतो. पहिली, बैठकीच्या तुमच्या फोटोत बाया किती होत्या? माझ्या अंदाजाने आशाताई, त्याही मागच्या रांगेत. धर्मगुरू हे पुरुष असतात आणि पोरीचं लग्न हा त्यांच्या दृष्टीने बापाचा विषय असतो. घरात निर्णय मात्र बऱ्याचदा आजी आणि मामी मिळून घेतात. महिला कीर्तनकार आहेत, मोहल्ल्यात बायकांना दीन शिकवणाऱ्या आलिमा आहेत, मिशनच्या दवाखान्यात सिस्टर आहेत. त्यांना स्वतंत्र गाठा. दुसरी मर्यादा, धर्मगुरूंना सल्लागार करू नका. ‘सोळा पूर्ण असेल तर चालवून घ्या’ अशी तडजोड कुणीतरी सुचवतंच. तिथे हसून नाही म्हणायचं. वय ठरवायचा अधिकार त्यांनाही नाही आणि तुम्हालाही नाही.

आणि जिथे लग्न लावायला कुणी लागतच नाही तिथे काय? मोबाइलवर मंगलाष्टका लावून शेतात पहाटे उरकलेली लग्नं मी पाहिली आहेत. तिथे धर्मगुरूंची वाट बघण्यात अर्थ नाही. कलम 10 मध्ये लग्नाला मदत करणाराही येतो, म्हणून तेच पत्र मंगल कार्यालयवाल्याला, मंडपवाल्याला, आचाऱ्याला, बँडवाल्याला आणि पत्रिका छापणाऱ्याला द्या. छापखानेवाला सगळ्यात उपयोगी, कारण त्याच्याकडे नावं आधी येतात.

राहिला गुन्ह्यांचा प्रश्न. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तेव्हा हत्यार तुमच्याकडे आहे. पण ते पहिलं हत्यार केलंत तर मला जे दिसलंय ते तुम्हालाही दिसेल: लग्नं थांबत नाहीत, लपतात. गरोदर मुली प्राथमिक आरोग्य केंद्रात यायच्या बंद होतात, खासगीत खोटं वय सांगतात, घरी बाळंत होतात. मी गुन्हा दाखल करायच्या बाजूने असतो तो मुख्यतः दोन वेळा: न्यायालयाचा मनाई हुकूम धुडकावून लग्न लावलं तेव्हा, आणि पैशाचा व्यवहार किंवा दलाल दिसला तेव्हा. मनाई हुकमानंतर लावलेलं लग्न कलम 14 प्रमाणे मुळातच अवैध ठरतं. ते न लागल्यासारखंच. हे गावाला कळलं पाहिजे, आणि ते सांगायला गुरुजी-काझींसारखे दुसरे लोक नाहीत.

तर क्रम असा धरा. पावसाळ्यात नमुना ‘ड’ वरून नावं काढायची आणि पत्रं पोचवायची. टोळ्या निघायच्या आधी, म्हणजे सप्टेंबरातच, वसतिगृहाच्या मंजुरीमागे लागायचं. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात तुमच्याबरोबर महाराज आणि मौलाना उभे असतील तर फाइल लवकर हलते, हा अनुभव घेऊन बघा. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, तेव्हा गावं फिरायची. अक्षय्य तृतीयेला कलम 13 प्रमाणे जिल्हाधिकारी स्वतःच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मानले जातात, सणाचं नाव थेट कायद्यात छापलेलं आहे. त्या आठवड्यात वरचा पाठिंबा मागायला संकोचू नका.

आणि मनाई हुकमाच्या अर्जाचा मसुदा आजच टाइप करून ठेवा, नावं आणि तारीख तेवढी मोकळी सोडा. खबर शुक्रवारी संध्याकाळी येते, लग्न रविवारी असतं, आणि शनिवारी तालुक्याच्या न्यायालयात सुट्टीच्या दिवशी कोणते न्यायाधीश कामावर आहेत हे विचारत फिरण्यात अर्धा दिवस जातो. तो नंबर वकील संघाकडून आधीच घेऊन मसुद्याच्या वरच्या कोपऱ्यात पेनने लिहून ठेवा.